उलट्या तोटीचा बंब

मी तांब्याचा बंब बोलतोय. गोड बोलणं मला जमत नाही. आयुष्यभर पोटात जाळ घेऊन उभा राहिलो, त्याची धग अजून गेलेली नाही.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. खडकीच्या कारखान्यात लेथवर नव्यानं लागलेल्या गेनबानं बहिणीच्या लग्नासाठी मला घेतलं. माझी तोटी मात्र त्यानं स्वतःच्या हातानं बनवली. हात कच्चा होता, आटे उलटे पडले. इतर तोट्या जिकडे फिरवल्या की बंद होतात, तिकडे फिरवली की माझी उघडायची. गेनबा ओशाळला. त्याची बहीण मथुराबाई म्हणाली, "राहू दे. दुसऱ्या कुणाला वापरता यायचा न्हाई." माझ्या पोटावर त्यानं नाव घालून घेतलं होतं : 'मथुरास गेनबाकडून'.

वाघोलीला सासरी मथुराबाई रोज मला चिंचेनं घासायची. तिचा एकच नियम होता, आधी पाणी, मग जाळ. कोरड्या बंबाला जाळ लागला तर त्याचे सांधे सुटतात.

त्याच वाघोलीत, नगर रस्त्याला, दत्तोबांचं दुकान होतं. तेव्हा गावातल्या सुनांना स्टीलचं वेड लागलेलं. जुनं तांबं-पितळ द्यायचं आणि नवं स्टील न्यायचं. दत्तोबा बायकांना बसायला पोतं टाकायचे, चहा सांगायचे आणि भांडं हातात घेऊन नाक मुरडायचे. "वहिनी, नुसते पोचे हायत याला. पर तुमी म्हणून घेतो." एवढ्या नम्रपणे लुटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेनबा वारला. मथुराबाई दहाव्याला खडकीला गेली, तेवढ्यात तिची सून प्रेमला हिनं मला दत्तोबांकडे घातलं आणि स्टीलच्या बादल्या घरी नेल्या.

मथुराबाई परतली ती तशीच दुकानात आली. "माझा बंब?"

"वितळायला गेला, मावशी," दत्तोबा म्हणाले. मी त्यांच्याच पाठीमागे पोत्यांखाली होतो.

त्या दिवसापासून प्रत्येक बाजाराला ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागली. मागायची काही नाही. येणाऱ्या बायकांना फक्त सांगायची, "बघून द्या गं. हितं जितं भांडं मेलं म्हणून सांगत्यात." दत्तोबा झाडताना सगळा केर तिच्या पायांवर लोटायचे. ती लुगडं झटकायची आणि तिथंच बसायची. सुनेशी तर ती पुन्हा कधीच बोलली नाही.

दत्तोबांमागे त्यांचा मुलगा हिंदुराव गादीवर बसला. शहरातली माणसं गाड्या घेऊन जुन्या वस्तू शोधत येतात, हे त्यानं हेरलं. बापानं मोड म्हणून घेतलेलं मुलानं वारसा म्हणून विकायला काढलं. भांड्यांवरची नावं तो कानशीनं घासून काढायचा. "नाव दिसलं की गिऱ्हाईक इचारतं, कुणाचं," असं म्हणायचा. माझंही नाव त्यानं खरवडलं आणि गळ्यात चिठ्ठी अडकवली : 'पेशवेकालीन'.

मग मला दारात मांडलं. मथुराबाईला आता नीट दिसत नव्हतं. तिनं माझ्या पोटावर हात फिरवला, नाव सापडलं नाही, आणि तिनं हात काढून घेतला. मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी ओरडलो असतो.

पुढे एकदा कर्वेनगरात हॉटेल काढणाऱ्या श्यामलाबाई आल्या. त्यांना माझी ऐट दाखवायला हिंदुरावनं मला भरून पेटवलं. तोटी उघडेना, म्हणून त्यानं हिसका देऊन उलटी फिरवली. कढत पाणी श्यामलाबाईंच्या चपलांवर. घाबरून त्यानं सवयीनं तोटी बंद करायला पिळली, तर धार आणखी मोठी झाली. "आयला, हिचे आटेच उलटे हायत," तो ओरडला.

पायरीवरून मथुराबाई उठली. पदर धरून तिनं तोटी अलगद फिरवली. धार थांबली.

"माझ्या गेनबानं केलीय ही," ती म्हणाली.

श्यामलाबाईंनी चिठ्ठी वाचली. "अच्छा. म्हणजे पेशव्यांनी यांच्याकडूनच नेला असणार."

हिंदुराव तडकला. "म्हातारे, उलटी तोटी म्हणजे काय सातबारा न्हाई. बंब दुकानाचा हाय."

मथुराबाईनं श्यामलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. "मला तर नुसता कोपऱ्यात ठेवायचाय," त्या म्हणाल्या. "तोटीचं काही नाही."

"मग बंब तुमचा," मथुराबाई म्हणाली. "तोटी माझ्या भावाची."

आणि तिनं तोटी पुन्हा उघडली, ती अगदी निघून हातात येईपर्यंत फिरवतच राहिली. भोकातून सगळं पाणी रस्त्यावर गेलं. पोटात जाळ तसाच धडधडत होता. हिंदुराव पाण्याला धावला, पण तोवर माझे सांधे सुटले होते. आधी पाणी, मग जाळ, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं ते मुद्दाम केलं. तांब्याचा जीव जळत होता, तरी मी तिच्याच बाजूनं होतो.

तोटी पदरात बांधून ती गेली. त्या पायरीवर पुन्हा आली नाही.

आता दुकानाला काचेची दारं आहेत आणि पाटीवर 'वारसा वैभव' असं लिहिलंय. ज्यांच्या न्हाणीघरांतून हे वैभव उचललं, त्यांची नातवंडं ती पाटी वाचत कॉलेजला जातात. मी कर्वेनगरच्या हॉटेलात आहे. पोटात दिवा, डोक्यावर प्लॅस्टिकची फुलं.

तुम्ही येता, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढता. काढा. मात्र माझ्या पोटावर एक खरबरीत जागा आहे, तिथं बोट ठेवून बघा. तिथं दोन माणसांची नावं होती. आणि कौतुकानंसुद्धा माझ्यात पाणी ओतू नका. ते मी आता कुणासाठीच धरणार नाही.