रानातली गवार

दर रविवारी दुपारी केयूर मंडईत भाजी घ्यायचा, ती एका जुन्या गोणपाटाच्या पिशवीत ओतायचा, वर डब्यातली चिमूटभर माती भुरभुरायचा आणि शनिवार पेठेत आईवडिलांच्या घरी जाऊन सांगायचा, "आमच्या गावची आहे, पहाटेच तोडलेली." माती मात्र तो खरोखर गावाहून आणायचा. तेवढा तो प्रामाणिक होता.

ही नसती उठाठेव त्याने स्वतःच ओढवून घेतली होती. अकरा महिन्यांपूर्वी कंपनीने कायमचं घरून काम करायची मुभा दिली आणि केयूरच्या डोक्यात गाव शिरलं. खडकवासला ओलांडून, पानशेतच्या रस्त्याने पुढे आणि मग आत चार किलोमीटर. तिथे नवीन फायबर पोहोचलं होतं, पेठेतल्यापेक्षा चौपट वेगाचं. "इथे धूर खात बसण्यापेक्षा तिथे राहीन. तुम्हालाही दर रविवारी ताजी भाजी आणून देईन," असं त्याने जिन्यात उभं राहून, चार शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केलं. वडील, यज्ञेश्वरराव, निवृत्त मुख्याध्यापक. ते एवढंच म्हणाले, "जा. परत येशील तेव्हा आधी कळव, म्हणजे गादीला ऊन दाखवून ठेवू." आता इतकं ऐकून घेतल्यावर पेठेत वाढलेला कोणता मुलगा परत येईल?

गावात त्याने सर्जेरावांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच शनिवारी भाजीची चौकशी केली, तेव्हा सर्जेराव हसले. "भाजी? हितं समदा भात हाय. भाजी पुण्यातनंच येती, तीबी दोन दिसांनी." पण शब्द तर देऊन झाला होता. म्हणून मंडई.

इंटरनेट मात्र सांगितलं होतं तसंच निघालं. ते कधी जायचंच नाही, आणि तिथेच केयूर अडकला. पेठेत ते आठवड्यातून दोनदा जायचं, मग खाली उतरून चहा घेता यायचा, कुणाशी तरी वाद घालता यायचा. इथे वीज गेली तरी सर्जेरावांनी कौतुकाने बसवलेला इन्व्हर्टर धावून यायचा. त्याचा मॅनेजर चेतन प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचा, "केयूर, तुझं नेट मस्त आहे, तूच थांब शेवटपर्यंत." केयूर थांबायचा. संध्याकाळी हेडफोन काढून बाहेर यावं तर रस्त्यावर एक कुत्रं, तेही झोपलेलं. सर्जेराव जिवाला जीव देणारे, पण सातला जेवून आडवे होणारे. एकदा नुसता माणसाचा आवाज ऐकायला म्हणून त्याने लक्ष्मी रस्त्यावरच्या एका चष्म्याच्या दुकानात फोन लावला आणि दहा मिनिटं फ्रेमची चौकशी केली. फोन ठेवल्यावर त्याला रडू आलं. एवढ्या मोकळ्या हवेत आपला जीव गुदमरतो, हे तो सांगणार कुणाला?

या रविवारी मात्र सांगणं भाग होतं. खोल्यांचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि सर्जेरावांनी निघतानाच विचारलं होतं, "ऱ्हाताय का जाताय, सांजच्याला फोन करा. दुसरं एकजण मागतंय." केयूरने जिना चढताना वाक्य घोकलं. बाबा, मी परत येतोय. चार शब्द.

आईने, मंदाकिनीबाईंनी, पिशवी घेतली आणि नेहमीसारखी माती झटकली. यज्ञेश्वररावांनी पेपर खाली ठेवला.

"बरं झालं आलास. तुझी खोली भाड्याने देतोय. वाशीमची मुलगी आहे, अपेक्षा म्हणून. परीक्षेचा अभ्यास करते. पाच वाजता सामान घेऊन येईल. तुझी काही हरकत नाही ना?"

केयूरने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात चार वाजले होते.

"माझी कसली हरकत?" तो म्हणाला.

"नाही, म्हटलं, तुला कधी लागली तर."

"मला कशाला लागतेय? तिथे मजेत आहे मी."

आईने चहा आणला. चहा पिताना वडिलांनी पुन्हा विचारलं, "काही बोलायचंय का तुला?" केयूरने तोंड उघडलंही. पण त्याला आधी ती उन्हातली गादी दिसली, मग जिन्यातले चार शेजारी दिसले. "तिकडचं पाणी काय गोड आहे, बाबा," तो म्हणाला. स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं त्याला. यज्ञेश्वररावांनी मान हलवली आणि कप विसळायला आत गेले.

पाचला पाच कमी असताना बेल वाजली. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि घामाघूम झालेली मुलगी. "काका, लवकर आली का मी?" यज्ञेश्वररावांनी खुंटीवरची किल्ली काढली, क्षणभर तशीच हातात धरली आणि केयूरकडे पाहिलं. केयूर खोकं उचलायला पुढे झाला. मग त्यांनी किल्ली तिला दिली.

केयूर निघाला तेव्हा वडील पहिल्यांदाच जिन्यापर्यंत पोचवायला आले.

"एक सांगू? भाजी मंडईतूनच घ्यायची असेल तर विमलाबाईंकडून घेत जा. कोपऱ्यावरच्या त्या माणसाची गवार जून असते. अकरा महिने चावतोय आम्ही."

केयूर कठडा धरून उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच रविवारी पाहिलं तुला. मंडईच्या पार्किंगमध्ये माती टाकत होतास."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली," यज्ञेश्वरराव म्हणाले. "गादीला तर दर महिन्याला ऊन दाखवत होतो."

आतून खोलीतली पुस्तकं मांडल्याचा आवाज येत होता. आता बोलण्यासारखं सगळं होतं आणि बोलून काहीच उपयोग नव्हता. केयूर खाली उतरला. गाडीपाशी पोचतो तोच फोन वाजला. पेठेतसुद्धा आज रेंज अगदी खणखणीत होती.

"साहेब, सर्जेराव बोलतोय. मग काय ठरलं?"

"राहतोय," केयूर म्हणाला. "आणखी अकरा महिने."