घोरणं थांबलं की मोजा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. तीन पायांवर उभा असतो, पण त्यातला एक पाय बांबूचा आहे, म्हणून मला कोणी टेकू नये. शहापूरच्या एका सुताराने सागाच्या चार फळ्या जोडून मला घडवलं आणि खर्डीजवळच्या एका शाळेने मला नेलं. तिथली मुलं जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला फासत. तेव्हा मी असा काही चमकायचो, की माझ्यावरचं चुकलेलं गणितसुद्धा बरोबर वाटे. पुढे वर्गाच्या भिंतीतच सिमेंटचा फळा आला आणि मी अडगळीत गेलो. तीन वर्षं माझ्यावर फक्त पालींनी पाय उमटवले.

१९९४ साली प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग निघाले. मला जीपच्या टपावर बांधून मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीत आणलं. संध्याकाळी समाजमंदिरात बायका जमत. त्यांत चंदा होती. ती खडू विळ्यासारखा घट्ट धरी आणि दर दुसऱ्या अक्षराला मोडी. तिचा नवरा बारकू सोबतीला येई, भिंतीला टेकून बसे आणि 'अ' चा 'आ' व्हायच्या आत घोरू लागे. काय ते घोरणं! माझ्या अंगावरची धूळ झडायची. एकदा गुरुजींनी 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण माझ्यावर लिहिली आणि बारकूकडे बोट दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो. आता ते आठवलं की मला लाज वाटते.

या घोरण्याचा वाडीने उपयोगही करून घेतला होता. भात पिकायला आलं की रानडुकरं शेतात उतरतात. मग माळ्यावर, म्हणजे शेतातल्या लाकडी मचाणावर बसून राखण करावी लागते, डबे बडवावे लागतात. बारकूला डबा लागत नसे. तो माळ्यावर निजला की डुकरं लांबूनच परत फिरत. "बारक्याला धाडा रे राखणीला, डब्याचं काम नाय," असं लोक म्हणत. तो बिचारा खूश व्हायचा. एरवी दिवसा त्याच्या वाट्याला शिव्याच. नांगरामागे चालता चालता त्याचे डोळे मिटत, सकाळी उठला की डोकं ठणके. एवढा झोपतो तरी पेंगतो, म्हणजे मुलखाचा आळशी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

चंदाचं घर शेताला लागूनच. माळ्यावरचं घोरणं तिला अंथरुणात ऐकू येई. ते मधेच थांबे. तेव्हा तिला वाटे, हे जागे झाले, आता राखण करतायत. मग तीही निर्धास्त डोळे मिटी.

१९९९ साली, दिवाळीच्या आधी, ते घोरणं असंच थांबलं आणि पुन्हा सुरू झालंच नाही. सकाळी ती माळ्याखाली चहा घेऊन गेली, तर बारकू गेलेला होता.

दिवसकार्य आटोपलं आणि एका दुपारी चंदा एकटीच समाजमंदिरात आली. वर्ग तर केव्हाच बंद पडला होता. तिने पदराने मला पुसलं, कोपऱ्यातला खडूचा तुकडा उचलला आणि लिहिलं, 'बारकू'. मित्रांनो, तिने लग्नातल्या उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. तशी रीतच होती. पण लिहू नये, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ त्या तीन अक्षरांकडे बघत राहिली.

मग ती रोज येऊ लागली. एक ओळ लिहायची, वाचायची, पुसायची. 'यांना सुकटीची चटणी लय आवडायची.' 'पोळ्याला बैलाची शिंगं रंगवली आणि नाक सोताचं रंगलं.' अक्षरं वाकडी होती, पण इतक्या वर्षांत एवढं खरं माझ्यावर कोणी लिहिलं नव्हतं. ती पुसायची तेव्हा मला वाईट वाटायचं. एक दिवस तिने लिहिलं, 'घोरणं थांबलं. मला वाटलं जागे झाले. मी झोपले.' ही ओळ तिला पुसवेना. माझ्या पायाशी बसून ती मोठ्याने रडली आणि तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पोरांना लस टोचायला आरोग्यसेविका रविनाताई आल्या. त्यांनी ती ओळ वाचली आणि चंदाला बोलावून सगळं खोदून खोदून विचारलं.

"चंदाताई, घोरणं थांबलं की ते जागे होत नव्हते. त्यांचा श्वास थांबत असावा," त्या म्हणाल्या. "झोपेत घशातली वाट मिटते. जीव गुदमरला की शरीर दचकतं, परत श्वास घेतं. रात्रभर हेच चालतं, म्हणून माणूस दिवसा पेंगतो. हृदयावर ताण येतो तो वेगळाच. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात याला. दादांचं नेमकं काय झालं ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगता ती लक्षणं याचीच आहेत."

"मंग मी जागी रायली असती तर?"

"तुम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. माहीत नसलेलं कसं कळणार?"

 चंदा डोळे पुसून म्हणाली, "मंग आता मी सांगते."

तिने मला उचलवून जीपच्या थांब्यावर, चिंचेखाली उभं केलं. त्याच धांदलीत माझा पाय मोडला आणि हा बांबू आला. तिने लिहिलं: 'घोरनं म्हंजे गाढ झोप नाय. घोरनं थांबलं की मोजा. दहाच्या पुढं गेलं तर डॉक्टरला दाखवा.' शुद्धलेखनाकडे मी काणाडोळा केला.

लोक हसले. सर्वांत जास्त चिडला धाकलू, बारकूचा धाकटा भाऊ. तो मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. भावासारखीच आखूड मान, भावासारखंच घोरणं. एकदा रायत्याच्या पुलाजवळ त्याचा डोळा लागला होता आणि मागच्या माणसांनी ओरडून गाडी वाचवली होती. चंदाला त्याचीच धास्ती होती.

"वहिनी, पुसा ते. गिऱ्हाइकं माझ्याकडं बघून हसतात."

"हसूं दे. तू दाखवून ये, भावोजी."

त्याने गाडी पुसायच्या फडक्याने मला पुसलं. तिने पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं. सलग नऊ दिवस दीर-भावजयीचं हे भांडण माझ्या अंगावर चाललं होतं.

दहाव्या दिवशी पहिली जीप भरत असताना धाकलूची बायको रुपा धावत आली. ती कधी वर्गाला बसली नव्हती.

"जाऊबाई, मी मोजलं काल."

"किती झालं?"

"माझे आकडे संपले गो!" रुपा रडू लागली. "मला वीसच येतात. वीस संपले तरी यांचा श्वास येईना. मंग मी गदागदा हलवलं."

चिंचेखाली कोणी हसलं नाही. चंदाने खडू घेतला आणि माझ्यावर एकवीस, बावीस करत तीसपर्यंत आकडे लिहिले. "हे पाठ कर," ती म्हणाली. "रातीला लागतील."

धाकलूच्या हातात फडकं होतं. त्याने ते आकडे वाचले, एकदा, दोनदा. मग फडकं खांद्यावर टाकून त्याने किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली.

"आज मी गाडी चालवत नाय. मला कल्याणला सोड, डॉक्टरकडं."

मोठ्या दवाखान्यात त्याला अंगभर तारा लावून एक रात्र झोपवलं आणि रविनाताईंनी सांगितला तोच आजार निघाला. आता धाकलू नाकावर मास्क लावून, हवा देणाऱ्या यंत्राशेजारी झोपतो. दिवसा पेंगत नाही. भारनियमनात वीज गेली की यंत्र बंद पडतं, तेव्हा रुपा उठून बसते आणि मोजते. तिला आता शंभरपर्यंत येतात.

मी अजून चिंचेखालीच आहे. वर चंदाची सूचना असते आणि खाली बारकूची एक ओळ, रोज नवी. सकाळी मला पुसायचं काम धाकलू करतो. सूचनेला तो हात लावत नाही. कालची ओळ मात्र आधी दोनदा वाचतो, मग पुसतो.

मित्रांनो, मला काळा रंग हवा आहे, पायही हवा आहे, पण ते राहू द्या. तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर खुशाल हसा, मीही हसलो होतो. फक्त घोरणं थांबलं की हसू आवरा आणि मोजा. आणि आकडे संपले, तर त्या माणसाला आधी हलवून जागं करा.