रविवारचा ठेका

रुपचंद आबांनी भिजवलेली कणीक मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापली, तोच फोन वाजला.

"आबा, लगेच निघा," पलीकडून प्रेमराज बोलत होता. नाल्यापलीकडच्या गावाचा सप्ताह तोच पाहायचा. "बाहेरून आणलेल्या मृदंग्याला ताप भरलाय. काल्याचं कीर्तन शे. बठ्ठं गाव, लहानथोर, बसेल शे. गाडी धाडू?"

आबांनी समोर पाहिलं. ओट्यावर धुरपदाबाई आणि तिची सून मोहिनी येऊन बसल्या होत्या. मोहिनी आठवडाभर धरणगावच्या जिनिंगवर कामाला. रविवार तेवढा मोकळा. तिला मृदंग शिकवायचं आबांनी दिवाळीत कबूल केलं होतं. त्यानंतरचे सहा रविवार कुणाचा ना कुणाचा फोन आला. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? आबा दर वेळी मृदंग उचलून गेले.

गेल्या रविवारी कीर्तन ऐन रंगात असताना त्यांचा डावा हात क्षणभर हललाच नाही. कुणाला कळलं नाही. घरी परतताना आबा एकेक गाव आठवत आले. पाच गावांत दुसरा मृदंगी नव्हता. होता तो बाहेरून आणलेला, नाहीतर हा हात.

"आज जमाव नही, प्रेमराज."

"आबा, काला शे! भाव खाई राहिनात का?"

"शिकवणी आहे."

"ती उद्या घ्या की! इथे देव खोळंबलाय."

आबांनी फोन बंद केला आणि धोतराच्या सोग्याने उगाचच पुसला.

"मले वाटनं, मी मरी ग्यावरच शिकाडशात हिले," धुरपदाबाई म्हणाली.

"ये पोरी," आबा मोहिनीला म्हणाले. "मांडीवर घे. असा नाही, आडवा."

मोहिनीचा हात जड पडत होता. आबांनी बोल म्हणून दाखवले, तिने वाजवले, चुकले, पुन्हा वाजवले. इतक्यात नाल्यापलीकडचा भोंगा सुरू झाला. कीर्तनकार महाराजांचा आवाज गोड होता. पण खाली नुसते टाळ. चरणाच्या शेवटी टाळकरी पळू लागले आणि महाराजांना त्यांच्यामागे धावावं लागलं.

आबांची बोटं गुडघ्यावर चालू लागली होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"आबा, जा तुम्ही," मोहिनी म्हणाली. "मी पुढच्या रविवारी येईन."

"पहिल्यापासून वाजव."

तिने वाजवलं. भोंग्यातला अभंग आणि तिचा ठेका दोन दिशांना जात होते. आबांनी डोळे मिटले. धुरपदाबाईला वाटलं, आता उठतील.

मग महाराजांनी ध्रुवपद पुन्हा घेतलं, जरा संथ. मोहिनी थांबली. मान तिरकी करून तिने ऐकलं आणि हलक्या हाताने त्या आवाजाखाली ठेका धरला. दोन आवर्तनं नीट गेली. तिसऱ्यात ती चुकली, थांबली, पुन्हा कान दिला आणि आत शिरली. धुरपदाबाई टाळ्यांनी साथ देऊ लागली.

नाल्यापलीकडे यातलं काही ऐकू जात नव्हतं. तिकडे टाळकरी पुन्हा पळत सुटले. मोहिनी पळाली नाही.

आबांनी हात मांडीखालून काढले नाहीत.