डबल बेल

एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, एकही अपघात नाही. त्याचा बिल्ला अजून माझ्या खिशावर असतो. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी कधी हलवली नाही. आणि मला माझ्याच लेकीनं चारचौघांत नापास केलं.

बुद्धप्रिया नांदेडला अग्निशमन दलात आहे. पुरासाठी आमच्या गावाला मोटरबोट मिळाली, तेव्हा ती चालवायला चार माणसं तयार करायचं काम तिच्याकडेच आलं. लोह्याजवळच्या तलावावर शिकवणी. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी हजर. मागच्या पुरात माझी बायको पंचशीला शाळेच्या छतावर नऊ तास बसून होती, आणि मी अलीकडच्या काठावर नुसता येरझाऱ्या घालत होतो. ते नऊ तास मला पुन्हा नको होते.

प्रियानं नीट समजावलं. एकच दांडी. मधोमध असली की न्यूट्रल, पुढे ढकलली की बोट पुढे, मागे ओढली की मागे, आणि जितकी लांब न्याल तितका जोर. मी ऐकलं कमी, मान जास्त डोलावली. मग तिनं इंजिनाला जोडलेली एक लाल दोरी माझ्या कमरेला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं.

"बैलावाणी काहून बांधून राहिलीस?" मी म्हणालो. ती हसली नाही.

बोट झकास पळाली. पण धक्का जवळ आला तसा माझा उजवा पाय ब्रेक शोधू लागला. बोटीला कुठला ब्रेक! मग मी माझी अक्कल चालवली आणि दांडी पुढून एकदम मागे खेचली. खाडकन आवाज झाला, बोटीनं हिसका दिला आणि पुढे बसलेला, माझ्यासोबत शिकणारा हरिओम थेट पाण्यात. प्रियानं झडप घालून लाल दोरी उपसली. इंजिन गप्प झालं.

हरिओम जॅकेटमुळे तरंगत होता. प्रियाचा चेहरा मात्र पांढरा पडलेला.

"खाली पंखा फिरून राहिला होता, बाबा. आधी न्यूट्रल, इंजिन शांत होऊ द्यायचं, मंग रिव्हर्स. तुम्ही नापास."

दोन दिवस मी लेकीशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पंचशीलानं पिठाच्या डब्यात लाटणं उभं खोचलं आणि डबा माझ्यासमोर आदळला.

"धरा. पुढं. आता मधी. थांबा! थांबा म्हनलं न्हवं का?"

"थांबलो की!"

"न्हाई थांबला. जन्मात कधी थांबला न्हाई तुम्ही." तिनं माझ्या हातावर चापट मारली. आठवडाभर आमच्या घरात पीठ सांडत होतं.

फेरपरीक्षेला माणूस उचलून आणायचा होता. पंचशीला म्हणाली, "मी हुबी ऱ्हाते." जॅकेट घालून ती तलावाच्या बुडालेल्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, शेजारी दोन पोहणारे.

लाल दोरी मी स्वतः अडकवली. हळूहळू निघालो. ती बरीच लांब असतानाच दांडी मधोमध आणली. पाय वळवळला, त्याला वळवळू दिलं. मनात पाच मोजले, जराशी मागे ओढली, पुन्हा मधोमध. बोट तिच्यापाशी सरकत गेली तसं मी इंजिनच बंद केलं. हरिओमनं तिला वर ओढून घेतलं. दांडी मधोमध आहे हे पुन्हा हातानं चाचपून मी इंजिन चालू केलं.

"चला की आता!" काठावरून पोरं ओरडली. मी हललो नाही. प्रिया वही धरून माझ्याकडे बघत राहिली, तिनंही घाई केली नाही.

पंचशीला ओल्या लुगड्यानिशी फळीवर नीट बसली. कड घट्ट धरली.

"नऊ तास लागले होते तवा," ती हळूच म्हणाली.

मग तिनं बोटीच्या लोखंडी कडेवर बांगडी दोनदा आपटली. टिंग, टिंग.

तेव्हा कुठे मी दांडी पुढे केली.