शेंदराखालचा मूळपुरुष

कर्जतजवळच्या लेण्यांखालच्या कोंडाणे गावी हिरूबाईंच्या देवघरात चांदीच्या टाकांशेजारी बोराएवढा मूळपुरुष बसलेला होता. तो शेतात नांगराला लागला, तेव्हा सासऱ्यांनी घराण्याचा पहिला पूर्वज समजून आणून बसवला. तेव्हापासून चाळीस वर्षं हिरूबाई त्याला वरणभाताचा नैवेद्य दाखवून इमानेइतबारे शेंदूर फासत आल्या. इतका, की नाक कुठे नि डोळे कुठे हे खुद्द मूळपुरुषालाही सांगता आलं नसतं.

यंदा दसऱ्याआधी टाक उजळायला बसली नवी सून समीक्षा. हाताला जोर, आणि आवरायला जवळ कोणी नाही. तिने तेल लावून शेंदूर पार खरवडला, तर आतून निळ्या काचेचं डोकं निघालं. बटबटीत पांढरे डोळे, पिवळी कुरळी दाढी, वर दोरा ओवायला कडी.

हिरूबाईंनी ते डोकं उजेडात नेऊन पाहिलं. असली दाढी घराण्यात कुणाची नव्हती.

समीक्षाने कॉलेजातल्या इतिहासाच्या प्रणिता मॅडमना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"मावशी, हा गळ्यातला मणी आहे. दृष्ट लागू नये म्हणून घालत. पार समुद्रापलीकडचा, दोन हजार वर्षांहून जुना असावा. लेण्यांच्या वाटेने कुणा व्यापाऱ्याबरोबर आला असेल."

"म्हंजे आमचा नाय?"

"नाही."

"बघ," हिरूबाईंचा नवरा धाकलू म्हणाला, "परक्याला जेवू घातलंस नि आमचा मानूस उपाशी. काढ त्याला तिथून."

हिरूबाईंना रडूच कोसळलं. घरचा पितर उपाशी राहिला हे खरंच होतं. पण नवऱ्यालाही न सांगितलेलं सगळं त्यांनी ह्या डोक्यालाच सांगितलं होतं. त्याला बाहेर काढायला हात धजेना.

त्यांनी पदराने डोळे पुसले. "मॅडम, ह्यो काय खायचा असंल?"

मॅडम गडबडल्या. "समुद्राकाठची माणसं. मासेच खात असतील."

दुसऱ्या दिवशी धाकलू कर्जतच्या सोनाराकडून मूळपुरुषाचा नवा टाक घेऊन आला. दसऱ्याला पहिलं पान त्याला वाढलं, आणि हिरूबाईंना हायसं वाटलं. मण्याची सरकारदरबारी नोंद करण्याचं मॅडमनी अंगावर घेतलं. तो आता स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात बसला, जिथे सोवळंओवळं नव्हतं.

दसरा झाल्यावर हिरूबाईंनी बोंबील तळले. दोन तुकडे पानावर घालून कोनाड्यात ठेवले आणि त्या समोर बसल्या.

"चाळीस वर्सं वरनभातावर काढलीस," त्या म्हणाल्या, "नि चकार शब्द नाय बोललास रं."