तीनशे सातमध्ये कोणीच नाही

हॉटेलची खोली आवरायला हॉटेलची माणसं असतात, हे मीटरवाल्यांनी बायकोला विमानात दोनदा आणि टॅक्सीत एकदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. बाई पस्तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांच्या वॉर्डात चादरीला सुरकुती पडली तर पेशंटसुद्धा कूस बदलायला घाबरायचे. हे स्वतः जन्मभर घरोघरी विजेची मीटरं वाचत फिरलेले, त्यामुळे घरात त्यांचं काय चालणार?

परदेशात आले होते लेकीसाठी. पोरगी डॉक्टर झाली होती आणि आज तीन वाजता तिला पदवी मिळायची होती. दोन प्रवेशपत्रिका तिनं काल संध्याकाळी आणून दिल्या. "बाबा, जिवापाड जपा. या नसल्या तर दारातसुद्धा उभं करणार नाहीत," म्हणाली. बाईंनी त्या पासपोर्टांबरोबर बॅगेत घातल्या.

सकाळी मीटरवाल्यांना जाग आली ती अंगाखालची चादर ओढली गेल्यामुळे. बाईंनी पलंगाचे कोपरे इस्पितळाच्या पद्धतीनं दुमडून गादीखाली खोचले, बेसिन पुसलं, केराची टोपली रिकामी केली आणि बॅगा कपाटात वरच्या फळीवर, जादा ब्लँकेटांच्या मागे सरकवल्या.

"अगं, झाडणारी येईल ना."

"तेच म्हणते. येऊन म्हणेल, काय गबाळी माणसं आहेत. शोभतं का?"

आंघोळ करून आल्यावर मीटरवाल्यांनी सवयीनं ओला टॉवेल पलंगावर टाकला. या एका गोष्टीवरून त्या घरात बत्तीस वर्षं महाभारत चाललं होतं. तेवढ्यात बाईंची चाहूल लागली, तसा त्यांनी तो उशीखाली सारला आणि साळसूदपणे बूट घालायला बसले.

दोघं बाहेर पडले. चहा झाला, लेकीसाठी फुलांचा गुच्छ झाला. एक वाजता कपडे बदलायला परत आले तर दाराचं कार्ड लागेना. लाल दिवा. शर्टाला पुसून लावलं, उलटं करून लावलं, तरी लाल. आतून कोणीतरी खोकलं.

खाली काउंटरवर कालचा माणूस नव्हता. आजच्यानं मशीनमध्ये पाहिलं आणि गोड हसला. "तीनशे सात सकाळीच रिकामी झाली. सफाईवाल्या बाईंनी लिहून दिलंय. खोलीत कोणीच नाही, सामान नाही, पलंग वापरलेलाच नाही. आम्ही ती दुसऱ्या साहेबांना दिली."

"सामान कपाटात आहे हो," मीटरवाले मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले.

"पासपोर्ट दाखवा, मग बघू."

"पासपोर्ट त्याच सामानात आहे."

"पासपोर्टाशिवाय मी साहेबांना उठवू शकत नाही. दारावर पाटी लावून झोपलेत ते."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेकीला फोन लावला तर तो बंद. हजारो परक्या घरांत बिनदिक्कत शिरलेल्या माणसाला आज स्वतःच्या खोलीत जाता येत नव्हतं. घड्याळात पावणेदोन झाले. बाई गुच्छ मांडीवर घेऊन कोचावर बसल्या होत्या.

"माझ्याच हातानं घालवलं मी," त्या म्हणाल्या. "स्टेजवरून ती आपल्याला शोधेल हो." आणि त्यांचे डोळे भरून आले.

तोच लिफ्ट उघडली. झग्यातले एक जाडजूड गृहस्थ बाहेर आले. अर्धा गाल ओला, आणि दोन बोटांत लांब धरलेला टॉवेल. "तीनशे सातमध्ये माझ्या उशीखाली हे काय आहे?" त्यांनी काउंटरवर टॉवेल आपटला.

"शक्य नाही साहेब," काउंटरवाला म्हणाला. "तिथला पलंग काल कोणी वापरलाच नाही."

मीटरवाले उठले. बायकोच्या देखत हे कबूल करणं म्हणजे उरलेलं आयुष्य ऐकून घेणं होतं. पण इलाज नव्हता.

"तो माझा आहे," ते म्हणाले. "सकाळी मीच ठेवला. हिला दिसू नये म्हणून."

बाईंनी ज्या नजरेनं पाहिलं, ती वॉर्डातल्या नर्सांनाच ठाऊक. काउंटरवाल्यानं टॉवेल पिळून पाहिला. थेंब पडला. मग मात्र तो स्वतः वर धावला आणि ब्लँकेटांच्या मागून बॅगा घेऊन आला.

तीनला पाच कमी असताना दोघं सभागृहात बसले, प्रवासातल्या चुरगळलेल्या कपड्यांत. लेकीनं स्टेजवरून खरंच शोधलं. बाईंनी गुच्छ इतका उंच धरला की मागचे ओरडले.

हॉटेलनं दुसरी खोली दिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पलंग आवरला, कोपरे खोचले, बेसिन पुसलं. दोघं दारापर्यंत गेले, आणि बाई थबकल्या. परत फिरून त्यांनी खुंटीवरचा नवऱ्याचा ओला टॉवेल काढला, क्षणभर हातात धरला आणि त्या ताठ चादरीच्या बरोब्बर मधोमध टाकला.

"चला," त्या तोंड फिरवून म्हणाल्या. "आणि घरी असं केलंत तर याद राखा."