पितळी जोडावरचा फुगा

शेडसमोर उन्हात उभ्या गाडीच्या गॅसनळीला साबणाचं पाणी लावलं होतं, आणि तिच्या पितळी जोडावर एक फुगा हळूहळू वाढत होता. हरभऱ्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला.

"अमरेश, गळतंय," मी म्हणाले. "आज गाडीची पूजा नको."

"जरासंच हाय, अक्का. आवळतो की."

अमरेश माझा धाकटा भाऊ. उदगीरच्या आमच्या शेडमध्ये त्याने हायड्रोजनवर चालणारी मालवाहू तीनचाकी उभी केली होती. थोरला मृत्युंजय, आमचा अण्णा, त्याच शेडमध्ये बॅटरीच्या गाड्या बनवायचा. जागा दोघांना पुरत नव्हती. शेड कुणाच्या हाती द्यायची, हे आमचे वडील, अप्पा, दोन वर्षं "बघू" म्हणत टाळत होते.

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून अप्पांनी मला विचारलं होतं. मी खरं तेच सांगितलं. विजेतून हायड्रोजन काढायचा, दाबून टाकीत भरायचा आणि त्याची पुन्हा वीज करायची, यात निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. अण्णाची गाडी तीच वीज जवळजवळ सरळ चाकांना देते.

अण्णा शेडच्या दारातच उभा होता. "मंजूनं अप्पांना काय सांगितलं, ऐकलं का? शेंदलेलं पाणी आडात ओतायचं आन् पुन्हा शेंदायचं. असली ह्याची गाडी!"

"आन् तुझी? चार तास वायरला बांधलेली, म्हशीवानी. माझी पाच मिनिटांत भरते. धर्माबादहून मिरची आणताना वाटेत बॅटरी बसली तर पोती डोक्यावर घेतो का?"

अण्णाने पाना फेकला. अमरेशची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्याने जॅकचा दांडा उचलून अण्णाच्या बरगड्यांवर घातला. दोघं झोंबत गाडीवर आदळले, आणि पुढचा घाव पितळी जोडावर बसला. फुसफुस सुरू झाली.

अप्पांनी तोवर कापूर पेटवला होता. पेटलेला कापूर ओवाळल्याशिवाय विझू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. देवाचं ताट पाहून तरी पोरं थांबतील, म्हणून ते गाडीजवळ आले.

"अप्पा, मागं व्हा!" मी ओरडले.

फट् असा आवाज झाला. अप्पा दचकून मागे सरले. जाळ कुठेच दिसला नाही. हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसत नाही.

झटापटीत अण्णाने अमरेशचा दंड धरून त्याचा हात नेमका त्या जोडावर रेटला होता. अमरेश किंचाळला.

"नाटक करायलाय!" अण्णाने आणखी जोर लावला.

मी गाडीला वळसा घालून टाकीकडे धावले. जोडावर लोंबणारी झेंडूची माळ काळी पडत आखडत होती. केस जळाल्याचा वास आला. अण्णाने माळेकडे पाहिलं. अप्पांनी अण्णाकडे पाहिलं. तरी पकड सुटली नाही. मी टाकीची झडप बंद केली, फुसफुस थांबली, तेव्हा सुटली.

अमरेश जमिनीवर कोसळला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुटून लोंबत होती. मी बादली ओढली आणि हातावर पाणी ओतत राहिले.

"मला दिसलंच न्हाई, अप्पा," अण्णा म्हणाला. "जाळ दिसलाच न्हाई."

"माळ तर दिसली."

अप्पांनी ताट खाली ठेवलं. कापूर अजून जळत होता.

"विजेचा हिशोब तुझाच बरोबर हाय, मृत्युंजय. मंजूनं सांगितलंय मला. पर शेड अमरेशची. किल्ल्या ठेव आन् निघ."